पस्तीस गुंठ्यांत दोन वाट्या

गोल्फचं भोक सव्वाचार इंच रुंद. आमटीच्या वाटीएवढं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पाचव्या आणि तेराव्या होलला मिळून एकच हिरवळ आहे. तिचं क्षेत्रफळ सुमारे ३७,८०० चौरस फूट, म्हणजे जवळपास ३५ गुंठे. आपल्या सिंधुदुर्गातल्या वालावलात एवढा सलग तुकडा निघाला तर सातबाऱ्यावर डझनभर भाऊबंद लागतील! त्या ३५ गुंठ्यांत अशा दोनच वाट्या. नुसता क्षेत्रफळाचा हिशेब मांडला तर एका वाटीची जागा त्या हिरवळीत ३,८०,००० हून जास्त वेळा मावते.

एवढी मोठी हिरवळ झाली ती जागा अपुरी म्हणून. हे समजायला आपली कर्ली पुरे. वालावलावरून गेलेली ही नदी तारकर्लीला समुद्राच्या हाकेवर येते, पण मिळत नाही. वाळूच्या चिंचोळ्या पट्टीआडून दक्षिणेला जाते आणि देवबागच्या टोकाला दर्याला भेटते. ओल्ड कोर्सही असाच वाळूवर, ईडन नदीचं मुख आणि समुद्र यांच्या शेजारी. इथली वाळू मर्यादवेल धरून ठेवते, तिथली राठ गवत. पावसात मात्र जमीनअस्मानाचा फरक. तिथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. आपल्याकडे एवढा तर बहुतेक वेळा एकट्या जुलैत होतो.

ओल्ड कोर्सवरही अशाच चिंचोळ्या जागेत खेळत टोकाला जायचं आणि त्याच वाटेने परतायचं. होल होती १२. त्यातली १० जाता-येता दोनदा खेळायची, म्हणून फेरी २२ ची. १७६४ साली पहिली चार तोकडी वाटली, त्यांची दोन केली. तीच परतीलाही लागत, त्यामुळे २२ ची १८ झाली. आज जगभर १८ होल असतात त्याचं मूळ या काटछाटीत आहे. कुणी फार विचार करून आकडा ठरवला असेल असं मला उगाच वाटायचं.

पुढे गर्दी वाढली, जाणारे आणि येणारे समोरासमोर येऊ लागले. मग १९ व्या शतकात एकाच हिरवळीवर दोन भोकं आली. अशा जोड हिरवळी सात, आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८: दुसरं-सोळावं, पाचवं-तेरावं, आठवं-दहावं.

मूळ आराखडा कुणाचाच नाही. वाऱ्याने, मेंढरांनी आणि सशांनी जमीन घडवली. मैदान राखणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिससारख्यांनी नंतर डागडुजी केली. वाळूचे खड्डे ११२, त्यातला ‘हेल’ नावाचा सुमारे १० फूट खोल. ससे तर मैदानाच्या मुळावरच उठले होते. १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने जमीन हातची घालवली आणि नव्या मालकांनी तिथे सशांची पैदास मांडली. गोल्फवाले कोर्टात गेले. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेतली, तेव्हा प्रकरण मिटलं.

२०२२ च्या गोल्फच्या ओपन स्पर्धेला तिथे सुमारे २,९०,००० प्रेक्षक आले. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ होती, म्हणजे तिसरा हिस्सा जिल्हा एका मैदानावर! एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो. जमीन सार्वजनिक, त्यामुळे गावकरी त्याच जगप्रसिद्ध गवतावर कुत्री फिरवतात. तिकीट नाही.