गॅरेजची खोली आणि छपराचा उकाडा

घरात माणसे वाढली, की नजर अंगणातल्या गॅरेजकडे वळते. मोटार बाहेर उभी राहील. मुलाला अभ्यासाला किंवा आजोबांना निजायला एक खोली तर मिळेल! नगरपालिकेची परवानगी काढून, खिडकी बसवून, पंखा टांगून आपण मोकळे होतो. पण नागपूर, जळगाव, सोलापूर अशा गावी एप्रिल लागला, की त्या खोलीत बसवत नाही. असे का होते?

कारण डोक्यावरच आहे. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य भिंतींपेक्षा सपाट छपराला अधिक भाजतो. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि ती काही तासांनी खाली सोडू लागतो. म्हणूनच बाहेर संध्याकाळचा वारा सुटला, तरी आत उकडतच राहते. पंखा बिचारा तीच गरम हवा फिरवतो! तेव्हा ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की उष्णता स्लॅबमध्ये शिरण्यापूर्वी, वरच्या वर अडवावी. खालून छत लावणे हा नंतरचा उपाय.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चुना. गच्ची स्वच्छ झाडून, पाण्यात कालवलेल्या चुन्यात थोडा डिंक मिसळून दोन-तीन हात द्यावेत. पांढरा रंग उन्हाचा मोठा भाग परतवून लावतो. पावसात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी फाल्गुनात पुन्हा हात फिरवावा. अहमदाबाद शहराने २०१७ साली गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम घेतला, तो याच तत्त्वावर.

दुसरा उपाय कोंडलेल्या हवेचा. स्थिर हवेतून उष्णता सावकाश जाते. गच्चीवर मातीची लहान मडकी पालथी, एकमेकांना खेटून मांडावीत, मधल्या फटी विटांचे तुकडे व चुन्याने भराव्यात आणि वर पांढरी फरशी बसवावी. थर्माकोल हेही मुळात कोंडलेली हवाच; त्याचा दोन इंचांचा थर सुमारे तीन फूट जाड विटांच्या भिंतीइतकी उष्णता अडवतो. मात्र तो उघडा ठेवू नये. उन्हाने तो झिजतो, आगीने पेटतो. म्हणून तो स्लॅबवर, फरशीखाली असावा. खोलीच्या आत चिकटवू नये.

येथे एक सावधगिरी. खानदेश-मराठवाड्यातील धाब्याच्या घरांवर जाड मातीचा थर असतो, आणि ती घरे गार असतात, हे खरे. पण तेथे तो भार पेलायला तुळया आणि रुंद भिंती असतात. दहा बाय अठरा फुटांच्या गॅरेजवर चार इंच कोबा घातला, तर सुमारे तीन टन वजन वाढते! म्हणून मडकी असोत वा कोबा, आधी इंजिनिअरला स्लॅब दाखवावा. गळती असेल तर ती प्रथम बंद करावी, आणि पन्हाळाकडे दर आठ फुटांना एक इंच उतार ठेवावा.

शेवटी, छताच्या अगदी खाली समोरासमोर दोन झरोके पाडा. वर साचलेली गरम हवा रात्री निघून जाईल. खर्चाचा क्रमही हाच धरा : आधी गळती, मग चुना, मग झरोके. एक उन्हाळा काढून पाहा. तरीही उकाडा राहिला, तरच मडक्यांना किंवा थर्माकोलला हात घाला. पुष्कळदा त्याची गरज पडत नाही.