मोहाचे फूल आणि पणजीचा पेला

उन्हाळा चढू लागला की पणजीतील मद्यालयांच्या फळ्यांवर फुलांची आणि फळांची नावे झळकू लागतात. गेल्या आठ-दहा वर्षांत गोव्यात देशी जिनचे कारखाने निघाले, आणि जिनमध्ये काय काय मिसळावे याविषयीची रसिकता एकाएकी बहरली. परदेशातील फुलांचे पाक बाटल्यांतून येतात. त्यांचे दाम ऐकून आमच्यासारख्या माणसाचा घसा पेय पोटात जाण्यापूर्वीच कोरडा पडतो. अशा वेळी आम्हांस आठवण होते ती जैनथची.

जैनथ हे आदिलाबादपासून वीसेक किलोमीटरवरचे, कापसाच्या काळ्या रानातले गाव. तेथील लक्ष्मीनारायणाचे जुने दगडी मंदिर प्रसिद्ध आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. रेषा नदीवर पडली, बोली मात्र दोन्ही तीरांवर राहिली. जिल्ह्याच्या रानाकडे, उटनूर-इंद्रवेल्लीच्या बाजूस गेले की मोहाची झाडे लागतात. तेलुगूत त्यांस इप्प म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात आणि गोंड स्त्रिया-मुले उजाडण्यापूर्वीच ती वेचू लागतात. फूल मांसल, फिकट पिवळसर, साखरेने भरलेले. वाळले की मनुकेसारखे दिसते आणि वर्षभर टिकते. त्याची भाकर होते, लाडू होतात, दारूही होते. गोंडांच्या देवांना ती लागतेच.

जिनशी त्याचे जमते का, हे आम्ही पाहिले. मूठभर सुकी फुले केसर झटकून धुवावीत, कोमट पाण्यात दोन तास भिजवावीत आणि ते पाणी मंद आचेवर दाट होईपर्यंत आटवावे. साखर घालावी लागत नाही. या पाकाचे दोन चमचे, ४५ मिलिलिटर जिन, संत्र्याचा थोडा रस, अर्धे लिंबू, बर्फ आणि वर सोडा. दोनाचे तीन चमचे मात्र करू नयेत. मोहाचा वास उग्र असतो, तो जुनिपरच्या बोरांचा सुवास गिळून टाकतो. बेताने घातला तर फूल आणि फळ एकमेकांस सांभाळून घेतात. लिंबू मात्र कमी पडू देऊ नये.

पण हे पेय ओठांशी नेताना एक गोष्ट खटकते. ज्या फुलाची आम्ही चव घेत आहोत, त्याचीच दारू गोंडाने आपल्या अंगणात परवान्याविना गाळली तर तो गुन्हेगार ठरतो. हे काही आजचे नव्हे. मुंबई सरकारने १८७८ साली अबकारीचा कायदा केला आणि १८९२ साली खास मोहासाठी दुसरा; फूल वेचणेच संशयास्पद झाले. हेतू महसुलाचा होता, लोकांच्या आरोग्याचा नव्हे. गोमंतकीयांस काजूच्या फेणीने निराळा मार्ग दाखविला: २००९ साली तिला भौगोलिक चिन्हांकन मिळाले, २०१६ साली सरकारने तिला वारसा पेय म्हटले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांवरील निर्बंध उठविले. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्यास वारशाचा मान दिला.

दारूचे दुसरे रूपही आम्ही विसरत नाही. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी अरक विकणाऱ्यांना पिटाळले. तेथून पेटलेल्या चळवळीने १९९३ मध्ये आंध्रातील अरक बंद पाडला आणि १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आणली. महसुलाच्या चिंतेने ती १९९७ मध्ये सैल झाली. त्या स्त्रियांचा राग सरकारी ठेकेदाराच्या पिशवीतील दारूवर होता. अंगणातील मोहाच्या भाटीवर तो होता असे म्हणता येत नाही, आणि दोहोंना एकाच कायद्याच्या काठीने हाकणे हा आळस आहे.

आमची मागणी लहान आहे. मोह वेचणाऱ्या गावांच्या सहकारी संस्थांना छोट्या, तपासलेल्या भाट्यांचे परवाने द्यावेत, आणि फुलांचा भाव बाजारातील दलालाने ठरवू नये. गोव्यातील जिनवाल्यांनी मोह विकत घेतला तर बाटलीवर आदिलाबादचे नाव लिहावे. या वर्षीचा मोह गळू लागेल तेव्हा पेला पणजीत तयार असेलच. फूल कोणाच्या टोपलीतून आले, हे तेवढे मद्यालयाच्या फळीवर यावे.