वकिलीची सनद, अकरा वेळा आमदारकी

बारामती-इंदापूरच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा दुष्काळी तालुका. इथले वकील गणपतराव देशमुख आयुष्यभर एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून, शेतकरी कामगार पक्षाकडून, विधानसभा लढले. माणूस आणि मतदारसंघ यांचे असे नाते विरळाच.

• पहिला विजय : १९६२. बारामतीतून शरद पवार पहिल्यांदा निवडून आले, ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९६७ मध्ये.

• एकूण विजय : ११. त्यांत १९७४ ची पोटनिवडणूकही आली. शेवटचा विजय २०१४ चा.

• पराभव : १९७२ आणि १९९५. दोन्ही पराभवांनंतर सांगोल्याने त्यांना पुन्हा निवडून दिले.

• मंत्रिपद : १९७८ मध्ये पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात.

• निधन : ३० जुलै २०२१.

आमदाराला वकिली करता येते का?
येते. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करण्यास बार कौन्सिलचा नियम ४९ मनाई करतो. परंतु आमदार-खासदार कुणाचे नोकर नसतात. त्यांना मिळणारे वेतन मालक-नोकर नात्यातले नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले.

कायदा वाचता येणारा माणूस कायदा करणाऱ्या सभागृहात असणे मोलाचे. त्याने आपल्या माणसांची तहानही ओळखली, तर ते मोल कितीतरी वाढते.