न्यायालयातले युक्तिवाद गाणारा गायकवृंद

निवडणुकीत कंपन्यांनी किती पैसा ओतावा, यावर सर्वोच्च न्यायालयात झालेले युक्तिवाद गाता येतील का? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातील ‘द क्रॉसिंग’ या गायकवृंदाने ते गाऊन दाखवले. २००५ साली स्थापन झालेला हा सुमारे २४ जणांचा व्यावसायिक गायकवृंद आहे. डोनाल्ड नॅली त्याचे संचालक. आजवर त्यांनी दीडशेहून अधिक नव्या रचना लोकांसमोर आणल्या आहेत.

नवे गाणे अवघड का असते?

पाश्चात्त्य समूहगायनात बहुतेक गट हौशी असतात. ते प्रामुख्याने बाख, हँडेल यांच्या दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या रचना गातात. श्रोत्यांना त्या ओळखीच्या असतात, त्यामुळे तिकिटे खपतात. नव्या रचनेला हा आधार नसतो. सूर अनोळखी, तालीम जास्त आणि अनेकदा साथीला वाद्यही नाही. परिणामी कित्येक नव्या रचना एकदाच गायल्या जातात आणि कपाटात जातात.

यावर उपाय म्हणजे दोन-तीन संस्थांनी मिळून रचना करून घेणे. संगीतकाराचे मानधन त्या वाटून घेतात आणि प्रत्येक जण ती रचना आपापल्या शहरात गातो. म्हणजे एका रचनेला जन्मतःच दोन-तीन घरे मिळतात. शिवाय ‘द क्रॉसिंग’ आपल्या रचनांचे ध्वनिमुद्रणही करतो. २०१८ साली त्यांना पहिला ग्रॅमी मिळाला, त्यानंतरही मिळाले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे तो हे लोक गातात काय?

विषय कोणते?

टेड हर्न यांची ‘साउंड फ्रॉम द बेंच’ ही रचना समूहस्वर, दोन इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम यांसाठी आहे. २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्याचा निकाल दिला आणि निवडणूक प्रचारावर कंपन्यांनी करायच्या खर्चावरचे निर्बंध उठवले. त्या खटल्यातले युक्तिवाद या रचनेत आहेत. कंपनीला माणसासारखा आवाज असतो का, हा प्रश्न खऱ्या माणसांच्या आवाजात ऐकू येतो. हर्न यांच्याच ‘फार्मिंग’मध्ये पेनसिल्व्हेनिया वसवणारे विल्यम पेन आणि अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांचे शब्द एकत्र येतात. जमीन, माल आणि मालकी हा तिचा विषय. २०२३ मध्ये ती शेतावरच सादर झाली.

लॅन्सिंग मॅक्लॉस्की यांची ‘झीलट कँटिकल्स’ ही रचना नायजेरियाचे नोबेल विजेते लेखक वोले सोयिंका यांच्या लेखनावर आधारलेली असून ती धर्मांधतेविरुद्ध आहे. डेव्हिड लँग यांची ‘पुअर हिम्नल’ २०२३ च्या डिसेंबरात प्रथम गायली गेली. गरिबांशी आपले वागणे कसे आहे, हाच ज्या समाजाच्या सामूहिक गाण्यांचा विषय असेल, त्या समाजाची गाणी कशी असतील, असा प्रश्न ती विचारते.

गाणेच धोक्याचे झाले तेव्हा

मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका हौशी गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले. त्यातल्या ५३ जणांना कोविडची बाधा झाली असावी, असे तपासात आढळले; त्यातले दोघे दगावले. एकत्र गाणे म्हणजे एकमेकांच्या श्वासात उभे राहणे, हे जगाला कळले. तालमी थांबल्या आणि गाण्यावर पोट असलेल्यांची मिळकतही थांबली.

‘द क्रॉसिंग’ने त्या ऑक्टोबरात ‘द फॉरेस्ट’ हा कार्यक्रम पेनसिल्व्हेनियातल्या एका वनस्पती-उद्यानात केला. गायक झाडांमध्ये दूर दूर उभे, प्रत्येकाजवळ स्वतंत्र स्पीकर आणि श्रोते पायवाटेने चालत ऐकताहेत. शब्द होते टाळेबंदीतल्या एकटेपणाबद्दल गायकांनी स्वतः लिहिलेले.

पैसा कोणाचा?

यात एक विसंगती आहे, ती लपवू नये. अमेरिकेत असे कलागट तिकिटांपेक्षा देणग्या आणि अनुदानांवर चालतात. म्हणजे भांडवलाच्या ताकदीवर प्रश्न विचारणाऱ्या गाण्यालाही सधनांचा हातभार लागतो. सरकारी पैसाही खात्रीचा नाही. मे २०२५ मध्ये ‘नॅशनल एन्डॉमेंट फॉर द आर्ट्स’ या केंद्रीय संस्थेने देशभरातल्या अनेक कलासंस्थांची अनुदाने रद्द केली.

गाणे करणाऱ्या तरुण मित्रांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आजचा प्रश्न मांडायला आजचेच शब्द लागतात, मग ते न्यायालयाच्या कागदांतले का असेनात. आणि गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला मेहनतीचा मोबदला मिळाला, तरच दुसरे गाणे तयार होते. नुसत्या टाळ्यांवर गट चालत नाही.