"अम्मी, तुम बैठो!"

दोन वर्षांपूर्वी आमच्या अम्मी मोरीत पाय घसरून पडल्या. अल्लाहच्या कृपेने हाड मोडले नाही. पण मुका मार बसला आणि पंधरा दिवस अंथरुणावर काढावे लागले. त्या उठल्या तेव्हा आम्ही घरातल्या सर्वांनी ठरवले, आता अम्मींनी काहीच करायचे नाही. सुनेने भाकरीची परात काढून घेतली, नातवाने कुंड्यांना पाणी घालायचे काम घेतले, नमाजसाठी आम्ही खुर्ची आणून दिली. त्या उठू लागल्या की कोणीतरी म्हणायचे, "अम्मी, तुम बैठो, हम करते." मोहल्ल्यातही आमच्या खिदमतीचे कौतुक झाले.

सहा महिन्यांत त्यांना हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. एके दिवशी त्या म्हणाल्या, "मेरे हाताँ कू भी छुट्टी दे दिये क्या तुम?" तेव्हा आमचे डोळे उघडले. आई-वडिलांची सेवा ही इबादतच आहे. पण आम्ही सेवा करता करता त्यांची ताकद काढून घेत होतो.

यामागचे कारण साधे आहे. वापरात नसलेले स्नायू झिजतात आणि उतारवयात ते फार लवकर झिजतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस पलंगावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे १ किलो मांस कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्यातून किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल करायला सांगते. त्याशिवाय तोल आणि ताकद टिकवणारे व्यायाम आठवड्यातून ३ दिवस करावेत, असेही सांगते.

आपल्याकडे तर दिवसातून पाच वेळा उठण्याची सवय आहेच. केवळ फर्ज नमाज धरली तरी १७ रकअत, म्हणजे १७ रुकू आणि ३४ सजदे होतात. नमाज ही अल्लाहची बंदगी आहे, कसरत नव्हे. पण तिच्यात शरीराचे भले आपोआप होते. ज्यांना खरोखर त्रास आहे त्यांना बसून नमाज अदा करण्याची सवलत दीनने दिली आहे, त्यांना कोणी टोचून बोलू नये. मात्र गरज नसताना घरच्यांनीच घाईने खुर्ची पुढे करू नये.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. शिरूर कासार तालुक्यातील दहिवंडीचे शब्बीर सय्यद, म्हणजे सर्वांचे शब्बीर मामू. वडिलांकडून आलेले गोपालनाचे काम त्यांनी वाढवले आणि दुष्काळी मुलखात दीडशेहून अधिक गुरे सांभाळली. २०१९ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गुरांना सुट्टी नसते. चारा-पाणी रोज पाहावे लागते. ज्याची कोणीतरी वाट पाहते, त्याला उठावेच लागते. म्हातारपणी माणसाला औषधाइतकीच अशा कामाची गरज असते.

आम्ही डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. मोरीत खरबरीत चटई टाकली, भिंतीला धरायला दांडी बसवली. अम्मी रोज असरनंतर खुर्चीच्या पाठीला धरून उठ-बस करू लागल्या. आधी पाच वेळा, मग दहा वेळा. मेथी निवडणे, तांदूळ पाखडणे, कुंड्यांना पाणी घालणे ही कामे त्यांना परत दिली. गल्लीतल्या चार मुली मगरिबनंतर त्यांच्याकडे कायदा शिकायला येतात. त्यांना दार उघडायला अम्मी स्वतः उठतात.

सजदा अजून त्या खुर्चीवरच करतात, गुडघे तेवढी साथ देत नाहीत. पण कयाम आणि रुकू उभ्याने होतात, अल्हम्दुलिल्लाह.

म्हातारपणापूर्वी तारुण्याची आणि आजारापूर्वी आरोग्याची कदर करा, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. चाळिशी ओलांडलेल्या आम्हालाही ती लागू आहे. म्हणून आता फजरनंतर आम्हीही अर्धा तास चालतो.

वाचकहो, आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना "बसा" म्हणण्याआधी थोडे थांबा. त्यांना झेपेल असे एक काम त्यांच्या हाती द्या आणि ते मनापासून मागून घ्या. अल्लाह आपल्या वडीलधाऱ्यांना चालते-फिरते ठेवो. आमीन.