आकाशात इंजिन थांबल्यास

एका इंजिनाच्या हलक्या विमानाचे इंजिन आकाशात बंद पडले की विमान दगडासारखे खाली कोसळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. विमानाला तोलून धरतात ते त्याचे पंख. इंजिन त्याला केवळ वेग देते. इंजिन थांबताच विमानाचे नाक किंचित खाली केले, तर उताराला लागलेल्या सायकलीप्रमाणे ते आपल्या वजनानेच पुढे जात राहते. सेस्ना १७२ हे विमान वारा नसताना १ किलोमीटर उंचीवरून सुमारे ९ किलोमीटर अंतर कापते. मात्र त्यासाठी ताशी सुमारे १२० किलोमीटर वेग राखावा लागतो. नाक वर ओढून अधिक लांब जाऊ पाहणाऱ्याचा वेग घटतो, आणि अखेर पंखांचा आधारच सुटतो.

या ९ किलोमीटरांना साडेचार मिनिटे लागतात. उंची ३०० मीटर असेल, तर हाती जेमतेम सव्वा मिनिट उरते. एवढ्या अवधीत जागा शोधण्यास आरंभ करणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. म्हणून कुशल वैमानिक इंजिन सुरळीत चालू असतानाच खालची भूमी न्याहाळीत असतो.

चेन्नईच्या नैर्ऋत्येस असलेल्या ओरगडमचे उदाहरण घेऊ. तेथून सुमारे २० किलोमीटरवरील तांबरमच्या हवाई तळावर वायुसेनेची उड्डाण-प्रशिक्षकांची शाळा १९५४ साली आली. ओरगडमला आज मोटारींचे कारखाने, रुंद रस्ते आणि विजेच्या तारा आहेत. भोवती भातखाचरे व पावसाचे पाणी साठविणारे तलाव आहेत. रस्ता मोहक दिसतो, परंतु त्यावर वाहने असतात आणि बारीक तारा वरून दिसत नाहीत. येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्या दिवसांत चिखलात चाके रुतून विमान उलटण्याची भीती असते. तेच खाचर कापणीनंतर सुकले म्हणजे उपयोगी पडते.

वाऱ्याची दिशाही ध्यानात हवी. समजा, उतरतेवेळी विमानाचा हवेतील वेग ताशी ८० किलोमीटर आहे आणि वारा ताशी २० चा आहे. वाऱ्यास सामोरे उतरल्यास जमिनीवरील वेग ६० होतो, पाठीशी वारा घेतल्यास १००. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती जवळजवळ तिप्पट होते.

खरी कसोटी उड्डाणानंतरच्या पहिल्या क्षणांत लागते. धावपट्टी मागे असते आणि तिकडे वळण्याचा मोह अनावर होतो. पण तीव्र वळणात उंची झपाट्याने घटते, आणि या मोहाने अनेकांचे प्राण घेतले आहेत. कमी उंचीवर समोरच, थोडे डावे-उजवे करून, उतरावे. हा निश्चय धावपट्टी सोडण्यापूर्वीच, मोठ्याने उच्चारून, करून ठेवावयाचा असतो.

उंची पुरेशी असेल, तर जागा ठरविल्यावर इंजिन पुन्हा चालू करण्याचा यत्न करावा. दोष पुष्कळदा साधा असतो: एक टाकी रिकामी झालेली, किंवा दमट हवेमुळे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरलेले. बाहेर २५ अंश उष्णता असतानाही असे बर्फ धरते, हे ऐकून नवशिक्यास नवल वाटते. पेट्रोलातील पाणी तर उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काढून पाहिले, तरच कळते.

इंजिन चालू झालेच नाही, तर पेट्रोलची तोटी व विजेची बटणे बंद करावीत, पट्टे आवळावेत आणि चौकट वाकून दार अडकू नये म्हणून जमिनीस टेकण्यापूर्वीच त्याची कडी सोडावी.