संगणक जागा होताना

कळफलकावर एखाद्या अक्षराची कळ दाबली की तेच अक्षर संगणकात जाते, अशी आपणां सर्वांची समजूत असते. वस्तुतः कळफलकास अक्षरओळख मुळीच नाही. कोणती कळ दाबली गेली, एवढेच तो एका क्रमांकाने कळवतो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते मानावे हे यंत्रातील एक कोष्टक ठरवते. त्यास कळमांडणी म्हणू. पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांच्या आकृतीही अशाच दुसऱ्या साठ्यातून, म्हणजे अक्षरसंचातून, याव्या लागतात. यंत्र पुरते जागे झाल्यावर दोन्ही गोष्टी सिद्ध असतात. परंतु जागे होतानाच्या पहिल्या काही क्षणांत त्या नसल्या तर काय होते, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

आपले कागदपत्र चोरांच्या हाती लागू नयेत म्हणून पुष्कळ लोक संगणकाची डिस्क कुलूपबंद करतात. यंत्र सुरू होताच परवलीचा शब्द विचारला जातो. आता गंमत अशी की, मालकाने निवडलेली कळमांडणी त्या कुलूपबंद डिस्कमध्येच असते! तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घ्यावे, तसलाच हा प्रकार. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यास स्वतःहून ठाऊक असते ती अमेरिकन मांडणी. जर्मन कळफलकावर 'झेड' व 'वाय' यांच्या जागा अमेरिकन मांडणीच्या उलट आहेत. जर्मन माणूस 'झेड' दाबतो, गाभ्याच्या लेखी त्या कळेचा क्रमांक २१ ठरतो आणि गाभा तो 'वाय' समजतो. फ्रेंच कळफलकावर तर साधे अंकसुद्धा शिफ्ट दाबून काढावे लागतात. शिवाय गुप्ततेसाठी टंकलेली अक्षरे पडद्यावर दिसत नाहीत. त्यामुळे अचूक शब्द देणारा मनुष्यही पुनःपुन्हा नाकारला जातो, आणि का ते त्यास उमगत नाही.

यावर तोड अशी की, डिस्क उघडण्यापूर्वी जी एक छोटी शिदोरी गाभ्याबरोबर स्मृतीत उतरवली जाते, तीतच कळमांडणी व अक्षरसंच बांधून द्यावे. शिदोरी मात्र डिस्कच्या कुलूप नसलेल्या भागात असावी लागते. प्रत्येक प्रणालीची रीत निराळी: डेबियनमध्ये कळमांडणीची नोंद एका टिपणात व अक्षरसंचाची दुसऱ्यात, तर फेडोरात दोन्ही एकाच टिपणात. मांडण्यांची नावेही सर्वत्र सारखी नसतात. म्हणून एकीकडचे टिपण दुसरीकडे उतरवून भागत नाही. आणि नोंद बदलली तरी शिदोरी नव्याने बांधल्यावाचून तो बदल पहिल्या क्षणांत लागू होत नाही. हीच पायरी लोक सर्वांत अधिक विसरतात. आमच्या मते, एकाच कुलपास एकाहून अधिक परवलीचे शब्द देता येत असल्यास, त्यांतील एक तरी दोन्ही मांडण्यांत एकाच जागी असलेल्या अक्षरांचा ठेवावा.

आपल्याकडील बहुतेक इंग्रजी कळफलक अमेरिकन मांडणीचेच असल्याने ही आपत्ती येथे क्वचित ओढवते. देवनागरीची गोष्ट निराळी. १९९१ च्या भारतीय मानकात आलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी 'के'च्या कळेवर 'क' आहे, उजव्या हाताला व्यंजने व डाव्या हाताला स्वर. मांडणी सुंदर खरी, पण लिनक्सच्या प्रारंभीच्या साध्या पडद्यास देवनागरी पेलत नाही. तेथे अक्षरे चौकटीचौकटींत बसतात आणि अक्षरसंचात आकृती असतात २५६, फार तर ५१२. 'कि' लिहिताना यंत्रात आधी 'क' व मागून वेलांटी साठवली जाते, पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. 'क्ष', 'त्र' यांना तर दोन व्यंजने जोडून एकच आकृती घडवावी लागते. हे काम करणारा भाग जागा होतो तो पुढे, चित्ररूप पडद्याबरोबर. तोवर संदेश रोमन लिपीतच वाचावे लागतात, आणि परवलीचा शब्दही रोमन अक्षरांतच ठेवणे इष्ट.